बनसोडे मॅडम आणि काँगोची बाटली

सांगलीच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला रुजू झालो त्या आठवड्यात बनसोडे मॅडम पहिल्यांदा भेटल्या. स्टाफरूमच्या खिडकीजवळ बसून त्या डब्यातली भाकरी उलटीपालटी करून बघत होत्या. मी नमस्कार केला, नाव सांगितलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मी मूळचा वाईचा."

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "कशावरून?"

मला वाटलं चेष्टा करताहेत, म्हणून मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मी गणपतीचं देऊळ, घाट, नदी असं सांगत सुटलो.

"घाट सगळ्यांनाच माहीत असतो. एसटी स्टँडमधून बाहेर पडलं की समोर काय दिसतं?"

मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "असेल."

मॅडमच्या तोंडून 'असेल' निघणं ही केवढी मोठी पावती होती, हे कळायला मला वर्षभर लागलं.

त्या प्राणिशास्त्र शिकवत. उंचीनं बेताच्या, अंगानं काटक, केस घट्ट मागे बांधलेले. साडीवर कायम एक करडा एप्रन, त्याच्या खिशात चिमटा आणि भिंग. माहेर वडूजचं. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं एका नवीन प्राध्यापिकेनं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "बघायला आलेल्यांची माहिती तपासत बसले आणि वय निघून गेलं." खरं की खोटं, त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही.

संशय हा त्यांच्या स्वभावात मिठासारखा होता. लग्नाची पत्रिका हातात पडली की अक्षता, आहेर वगैरे बाजूला, त्या आधी कॅलेंडर काढत. एकदा आमच्या हेडक्लार्कनं मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली. मॅडमनी पाहिली आणि परत केली. "वार चुकलाय. या तारखेला मंगळवार नाही, बुधवार येतो." हेडक्लार्क आधी चिडला आणि मग घामाघूम झाला. पत्रिका सगळ्या पै-पाहुण्यांत वाटून झाल्या होत्या. त्यानंतर बरेच दिवस तो मॅडम दिसल्या की वाट बदलायचा. वार चुकला याचा राग नव्हता त्याला, यांनी तो शोधला याचा होता.

मोबाइलवर फोटो काढला की किड्याचं नाव सांगणारं एक ॲप मुलांमध्ये आलं, तेव्हा एक विद्यार्थी मोठ्या उत्साहानं त्यांना दाखवायला गेला. ॲपनं नाव सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "याला विचार, कशावरून?" पोरगा म्हणाला, "मॅडम, ते सांगत नाही." "मग ते आणि चावडीवर बसणारा माणूस यांत फरक काय?"

त्यांचं खरं काम कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत चाले. डांबराच्या गोळ्यांचा वास, एक सूक्ष्मदर्शक, टेबलदिवा आणि लाकडी कपाट. संध्याकाळी घरी जाताना त्या कपाटाच्या दोन्ही दारांवर एक पांढरा दोरा चिकटवून जात आणि सकाळी आल्यावर आधी तो पाहत. दोरा तुटलेला दिसला की त्या दिवशी आम्हा सगळ्यांची विचारपूस होई. एकदा तो खरोखरच तुटला. चौकशीअंती कळलं की उंदीर होता. "असेल," मॅडम म्हणाल्या. पण पुढचे काही दिवस त्या उंदराच्या बाबतीतसुद्धा पुरेशा समाधानी दिसल्या नाहीत.

त्या कपाटात होते आफ्रिकेतले भुंगेरे. पानांवर जगणारे, पानं कुरतडणारे, कुणी तांदळाच्या दाण्याएवढे तर कुणी मोहरीएवढे. अशा भुंगेऱ्यांच्या हजारो जाती आहेत आणि आफ्रिकेतल्या कितीतरी अजून कुणी नीट पाहिलेल्याच नाहीत. परदेशातली संग्रहालयं अनोळखी नमुने त्यांच्याकडे पाठवत. मॅडम ते महिनोन् महिने पाहत आणि एखादा आधी नोंदलेल्या कुठल्याच जातीत बसत नाही अशी खात्री पटली, की त्याचं वर्णन लिहून, चित्रं काढून, नाव ठेवून शास्त्राच्या नियतकालिकात छापत. असं छापलं की ती जात जगात आली असं धरतात. भुंगेरा त्याआधीही पानं खात असतोच, त्याला काही फरक पडत नाही.

मॅडम स्वतः आफ्रिकेला कधी गेल्या नव्हत्या. पासपोर्टसुद्धा काढलेला नव्हता.

"आपल्याकडे काय कमी भुंगेरे आहेत? आफ्रिका कशाला?" मी एकदा विचारलं.

"इथल्यांवर लक्ष ठेवायला शेतकरी आहेत," त्या म्हणाल्या.

ते खरंच होतं. तासगाव, पलूस भागातल्या द्राक्षवाल्यांना उडद्या चांगला ठाऊक. उडद्या म्हणजे द्राक्षाच्या कोवळ्या डोळ्यांवर, म्हणजे फुटू लागलेल्या कोंबांवर पडणारा काशाच्या रंगाचा बारीक भुंगेरा, पाठीवर काळे ठिपके, हात लावला की टुणकन उडतो. छाटणीनंतर फुटवा येतो तेव्हा हा एका रात्रीत डोळे खाऊन टाकतो. भुंगेऱ्यांच्या बाई म्हणून मॅडमचं नाव त्या भागात झालेलं, त्यामुळं दर हंगामात कुणी ना कुणी कागदाच्या पुडीत उडद्या बांधून कॉलेजात यायचा. "मॅडम, ह्याच्यावर काय मारू?" मॅडम सांगायच्या, "मी औषधवाली नाही. कृषी खात्यात जा." "तिकडं गेलतो. ते म्हनलं हितं या."

त्यांची तपासणी आम्हा मराठीवाल्यांना फार चमत्कारिक वाटे. "रंगावर जायचं नाही," त्या सांगत. "रंग फसवतो. ठिपके फसवतात. सारखा दिसणारा सारखा असेलच असं नाही." मग त्या वाळलेला भुंगेरा कोमट पाण्यात मऊ करत, पोट उघडून नराचं इंद्रिय अलगद बाहेर काढत आणि त्याचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली बघत. जातींमधला फरक बऱ्याचदा तिथंच कळतो. हे त्या स्टाफरूममध्ये चहा पिता पिता, बाजारभाव सांगावा तितक्या सहज सांगायच्या. आमचे काही सहकारी कप घेऊन बाहेर जायचे.

अशा बाईंकडे दिनकर जाधव एक बाटली घेऊन आला.

दिनकर कुंडलचा. त्यांचा जुना विद्यार्थी. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होता आणि भरती निघाली तसा सैन्यात गेला. बऱ्याच वर्षांनी शांतिसेनेच्या तुकडीतून काँगोला त्याची नेमणूक झाली आणि ती संपवून तो सुट्टीवर आला होता. हवालदार झालेला, छाती रुंद झालेली, पण मॅडमच्या दारात उभा राहिला तो बॅकबेंचवरच्या पोरासारखा.

"मॅडम, वर्गात तुमी म्हनला होता, काँगोच्या जंगलात कुनी भुंगेरं बगितलंच न्हाईत नीट. ध्यानात होतं. ड्युटी नसली की कॅम्पच्या कडंच्या झाडावरनं धरायचो. आमच्या डॉक्टरसायबांकडनं स्पिरिट घेतलं." त्यानं खोकल्याच्या औषधाची बाटली टेबलावर ठेवली. आत स्पिरिटमध्ये बरेच भुंगेरे होते आणि शिसपेन्सिलीनं लिहिलेली कागदाची चिठ्ठी. ठिकाण, तारीख, झाडाचं वर्णन.

"पेन्सिल का वापरलीस?" मॅडमनी विचारलं.

"शाई पसरती की, मॅडम. तुमीच शिकवलं."

मॅडमनी बाटली उजेडात धरली. मी तिथंच होतो. दोनदा फिरवून पाहिली. पण तोंडातून एवढंच आलं, "ठेव. बघते."

पोरगा खूश होऊन गेला. जाताना फाटकाशी त्याला प्राचार्य भेटले आणि त्यानं सगळी हकीकत त्यांना सांगितली. तिथं घोळ झाला. प्राचार्यांना कॉलेजचं नाव पेपरात आलेलं आवडायचं. त्यांनी ओळखीच्या बातमीदाराला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी फोटोसकट बातमी आली, कुंडलच्या जवानाला काँगोत भुंगेऱ्याची नवी जात सापडली म्हणून. मॅडमनी तोवर बाटलीचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

मॅडम पेपर घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या. दार लावलेलं होतं, तरी 'कशावरून' हा शब्द आम्हाला अनेकदा ऐकू आला.

मग त्या कामाला बसल्या. दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला खोलीत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवलं. मी डोळा लावला. काशाच्या रंगाचा भुंगेरा, पाठीवर काळे ठिपके.

"छान आहे," मी म्हणालो.

"हा काँगोतला नाही. हा पलूस तालुक्यातला आहे." मॅडमचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "उडद्या. काँगोत हा नसतो. त्या बाटलीत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे ही बाटली बोलते ते खरं नाही. एक नमुना बागेतला निघाला. बाकीचे कुठले, कशावरून सांगायचं? पोरानं घरी बसून भरली नसेल कशावरून?"

"मॅडम, दिनकर असं करेल?"

"कोण काय करेल हे मला विचारू नका. माणसांचं मला काही कळत नाही."

बाटलीत एक भुंगेरा असा होता की त्यावरून त्यांची नजर हलत नव्हती. निळसर हिरवा, कडेला पिवळी रेघ. त्याचं इंद्रिय टोकाला दुभंगलेलं होतं आणि त्यांना माहीत असलेल्या एकाही जातीशी ते जुळत नव्हतं. हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही, फार नंतर सांगितलं. तो हवासा वाटत होता म्हणूनच त्यांना जास्त संशय आला असणार. त्यांनी पेपरला खुलासा पाठवला. बाटलीतले नमुने शंकास्पद आहेत, नव्या जातीचा दावा कॉलेजनं केलेला नाही. खुलासा कोपऱ्यात, बारीक अक्षरांत आला, पण कुंडलमध्ये तो बातमीपेक्षा जास्त वाचला गेला.

चार-पाच दिवसांनी दिनकर कॉलेजात आला. या वेळी दारात थांबला नाही, सरळ आत आला.

"मॅडम, गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई तुमी. डेअरीवर पोरं म्हनत्यात, हवालदारानं बागंतला उडद्या काँगोचा म्हनून खपवला. लष्करात असलीच कामं करतो का, इचारत्यात. आवं, मी खोटं बोलीन व्हय? तुमच्याशी?"

"बाटलीत उडद्या आहे, दिनकर."

"मी टाकला न्हाई."

"मग तो आला कुठून?"

"मला काय ठावं! तुमीच शोधा की. तुमी शोधताच की सगळं." त्याचे डोळे लाल झाले होते. "मला वाटलं व्हतं, तुमाला आनंद हुईल." एवढं म्हणून तो निघून गेला.

मॅडमनी बाटली पुन्हा काढली, दिवा लावला. मी निघून आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्टाफरूममध्ये आल्या आणि सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "तुमची गाडी मोकळी आहे? कुंडलला जायचंय."

गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं. रात्री त्यांनी उडद्या आणि बाकीचे भुंगेरे शेजारी ठेवून पाहिले. बाकीचे स्पिरिटमध्ये राहून ताठ झाले होते, उडद्याचे पाय मात्र अजून वाकत होते. तो नंतर पडला होता, अगदी अलीकडे.

"म्हणजे दिनकरनं टाकला नाही?"

"म्हणजे कुणीतरी नंतर टाकला. दिनकर नाही असं मी म्हटलेलं नाही."

दिनकरचं घर बागेच्या कडेला होतं. तो घरी नव्हता, पलूसला गेला होता. त्याची आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. ठसठशीत कुंकू, नऊवारी, दंडावर गोंदण. आम्ही कोण ते सांगितल्यावर ती उठली नाही, पाणीही विचारलं नाही. शेंगा फोडतच राहिली.

मॅडम जोत्यावर बसल्या. "बाई, ती बाटली घरात कुठं ठेवली होती?"

"भिताडातल्या देवळीत."

"किती दिवस?"

"आला तवापासनं. सांगलीला जायाला सवड गावंना त्याला."

"कुणी हात लावला होता?"

"मी लावला हुता."

"कशाला?"

म्हातारीनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. "कशाला म्हंजे? त्येनं सांगितलं, मॅडम लय हुशार हायत, किड्यातलं सगळं कळतंय. म्हटलं, एवढ्या लांबनं त्या परमुलखातलं किडं न्हेऊन देतोय, तर आपल्या बागंतला बी एक देऊ. बाई बगतील, काय औषध निघतंय का. धरला आन् टाकला बाटलीत."

मी मॅडमकडे पाहायचं टाळलं.

"तुम्ही दिनकरला सांगितलं नाहीत?"

"त्येला काय सांगायचं त्यात? किडाच की." मग तिच्या लक्षात आलं असावं. तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हंजे... त्यो उडद्या मी टाकलेला? त्याच्यापायी पोराला लोक..." तिनं पदर तोंडाला लावला. "आगं बया."

"चूक तुमची नाही," मॅडम म्हणाल्या. मग, "माझीही नाही. शंका बरोबर होती. पण तुमचा मुलगा खोटं बोललेला नाही."

म्हातारी उठली आणि आत जाऊन चहा टाकला. कप-बशी मॅडमच्या हातात देताना विचारलं, "पर मग औषध निघालं का काय त्याच्यावर?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. चहा पिऊन झाल्यावर विचारलं, "तुमच्या गावची दूध डेअरी कुठं आहे?"

संध्याकाळी दूध घालायची वेळ होती. किटल्या घेऊन बायका-पुरुष रांगेत होते, काही पोरं मोटारसायकलींवर टेकलेली. मॅडम सरळ रांगेच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. एप्रन काढायचा त्या विसरल्या होत्या.

"मी सांगलीच्या कॉलेजातली बनसोडे. पेपरात खुलासा मी दिला होता. दिनकर जाधवनं दिलेली बाटली खरी आहे. काँगोचीच आहे. त्यातला उडद्या घरात चुकून पडला. दिनकरनं काही खपवलेलं नाही. कुणाला शंका असेल तर आत्ता विचारा."

मोटारसायकलीवरचा एकजण हळूच म्हणाला, "पर बाई, आदी तुमीच..."

"हो," मॅडम म्हणाल्या. "आधी मीच."

परत येताना अंधार पडला होता. पलूसच्या पुढं आल्यावर मॅडम अचानक बोलायला लागल्या. "वडूजच्या शाळेत वर्गात काही हरवलं ना, पट्टी, कंपास, कुणाचं काही, तर आधी आमच्या वस्तीतल्या पोरांची दप्तरं उघडायचे. सगळ्यांसमोर. माझं तर नेहमी. सापडायचं दुसऱ्याच कुणाकडं, नाहीतर बाकाखाली. मग दप्तर परत द्यायचे, काही न बोलता. एकदा मी बाईंना विचारलं, माझंच कशावरून? बाईंनी छडी मारली. पण तो शब्द मला आवडला."

मी गाडी चालवत राहिलो.

"या वेळी मी दिनकरचं दप्तर उघडलं," त्या म्हणाल्या.

इथं सगळं सुरळीत झालं असं वाटेल. तसं झालं नाही. बाटली खरी ठरली, भुंगेरा नवा होता याची त्यांची खात्रीही पटली, तरी मॅडमनी तो छापायला नकार दिला. दिनकर सुट्टी संपवून जायच्या आधी भेटायला आला, तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं की त्या देशाची परवानगी न घेता बाहेर आणलेल्या किड्याचं वर्णन त्या करू शकत नाहीत. कागद नाही, परवाना नाही. शास्त्रात आता असं चालत नाही आणि चालू नये.

"म्हंजे आता मी चोर?"

"तुला माहीत नव्हतं. मला माहीत आहे."

"मॅडम, तुमच्या पायी डोकं टेकलं बगा," तो म्हणाला आणि खिन्नपणे हसला. जाताना मात्र पाया पडून गेला.

त्यानंतर मॅडमनी काय केलं असेल? जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल 'ही पहिल्यांदाच सापडली' असं कुणी म्हटलं की त्यांना संशय यायचा. कुणीतरी आधी उचलून कुठंतरी ठेवलेली असणारच, अशी त्यांची खात्री. त्यांनी युरोपातल्या एका जुन्या संग्रहालयाला पत्र लिहिलं आणि काँगोच्या त्या भागातून आलेले, नाव न लागलेले सगळे भुंगेरे बघायला मागितले. आधी फोटो आले. फोटोंवर मॅडमचा विश्वास नव्हताच. मग बऱ्याच पत्रव्यवहारानंतर एक पेटी उधार म्हणून आली, कुण्या मिशनऱ्यानं फार पूर्वी गोळा केलेली, कुणी कधी उघडून न पाहिलेली. ती मुंबईला कस्टममध्ये अडकली. किडे कशाला मागवले, काय किंमत, कुठल्या औषधासाठी, यांची उत्तरं देता देता मॅडम थकल्या. आली तेव्हा पेटीवर तिसरीच टेप होती. मॅडमनी प्रत्येक नमुना भिंगातून तपासला. एका भुंगेऱ्याचा पाय तुटून फोममध्ये रुतला होता. तो त्यांनी चिमट्यानं काढून, भुंगेरा ज्या कार्डावर डकवलेला होता त्याच कार्डावर, त्याच्याजवळ चिकटवला. मग शेजारच्या रांगेकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. निळसर हिरवा, कडेला पिवळी रेघ. पाच होते, एकाच रांगेत, सुयांवर टोचलेले.

त्यांनी मला हाक मारली आणि सूक्ष्मदर्शकाकडे नुसतं बोट दाखवलं.

त्या जातीचं वर्णन संग्रहालयाच्या नमुन्यांवरून छापून आलं; ते संग्रहालयात फार पूर्वी नोंदलेले असल्यानं परवान्याची अडचण नव्हती. नाव काय ठेवावं म्हणून प्राचार्यांनी सुचवलेली नावं इथं न सांगितलेलीच बरी. मॅडम भुंगेऱ्यांना माणसांची नावं देत नसत. त्यांनी लॅटिनमध्ये नाव दिलं, डुबिटाटा. अर्थ, जिच्यावर शंका घेतली गेली ती. आभाराच्या परिच्छेदात लिहिलं की या जातीकडे लक्ष पहिल्यांदा कुंडलच्या दिनकर जाधव यांनी वेधलं.

दिनकर तेव्हा सरहद्दीवर कुठंतरी होता. मॅडमनी फोन केला, स्पीकरवर ठेवला, मी ऐकत होतो. त्यांनी नावाचा अर्थ सांगितला.

"मॅडम," तो म्हणाला, "म्हंजे ते माझंच नाव ठेवलं की तुमी."

"तुझं नाही. भुंगेऱ्याचं."

"व्हय व्हय. भुंगेऱ्याचं." तो हसत होता.

त्यानंतर वर्षभरानं मॅडम निवृत्त होऊन वडूजला भावाकडे राहायला गेल्या. मी बदली होऊन साताऱ्याला आलो. भेटायचं राहून गेलं आणि दोन पावसाळ्यांनी त्या गेल्याचं कळलं. म्हणून मला त्या शेवटच्या आठवतात त्या सांगलीच्या पोस्टात, निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात. संग्रहालयाची पेटी परत पाठवायची होती. ज्या नमुन्यावर जातीचं नाव ठेवतात तो एकच असतो, बदली चालत नाही. तो हरवला तर हरवला. तो त्या पेटीत होता.

पेटीच्या बाहेर फोम, फोमच्या बाहेर खोकं, खोक्याबाहेर दुसरं खोकं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे?"

"भुंगेरे."

"जिवंत?"

"मेलेले. आपल्या जन्माच्या आधीचे."

बाईंनी खोकं कानाशी धरून हलवायला घेतलं. मॅडम काउंटरवर अर्ध्या वाकल्या. "हलवू नका हो!" सगळं पोस्ट वळून बघायला लागलं. बाईंनी मॅडमकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि ते अगदी सावकाश वजनकाट्यावर ठेवलं. सगळे सोपस्कार झाले. मी म्हणालो, "चला मॅडम." त्या निघेनात. बाकावर बसून राहिल्या. त्यांची नजर त्या खोक्यावरून हलत नव्हती आणि मीही शेजारी बसून राहिलो.

दुपारी टपालाची लाल गाडी आली. पोत्यांची फेकाफेक सुरू झाली. मॅडम उठून दाराशी गेल्या. पोस्टाचा एक तरुण शिपाई खोकं घेऊन बाहेर आला, तशा त्या त्याला काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही. त्यानं खोकं पोत्यांत टाकलं नाही. छातीशी दोन्ही हातांनी धरलं, गाडीत चढून बसला आणि ते मांडीवर घेतलं. गाडी सुरू झाली. मॅडमनी हात वर केला. निरोपाला केला की थांबवायला, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.